मास्तरांनी जहाज सरळ केलं

मास्तरांच्या सगळ्या देहात सर्वात हुशार अवयव म्हणजे त्यांचा उजवा पाय, असं ते स्वतःच सांगत. गाडी शिकवणाऱ्याच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक असतो. शिकणारा गोंधळला, की शिकवणाऱ्याने तो दाबायचा आणि गाडी जागच्या जागी उभी करायची. मास्तरांनी आख्खं आयुष्य त्या ब्रेकवर काढलं. शहरातले निम्मे लोक त्यांच्याकडे गाडी शिकले होते. त्यात एक न्यायाधीश होते, दोन नर्सबाई होत्या, आणि ज्या डॉक्टरांकडे मास्तर दाखवायला जात तेही होते. सगळ्यांनी मास्तरांची बोलणी खाल्ली होती. "डोळे घरी ठेवून आलात का?" हा मास्तरांचा ठेवणीतला प्रश्न. त्यांच्या गाडीला कधी साधा ओरखडा गेला नाही, आणि त्याचं थोडंफार श्रेय शिकणाऱ्यांनाही द्यावं असं काही त्यांच्या कधी मनात आलं नाही.

पण हुशार पायालाही वय असतंच. एका सकाळी उजवा गुडघा सुजून टम्म झाला. डॉक्टरांनी तो दाबून पाहिला, कधीकाळी खाल्लेली बोलणी आठवून असेल कदाचित, जरा जास्तच दाबून पाहिला, आणि म्हणाले, "मास्तर, आता काही दिवस ब्रेक दाबायचा नाही. घरी बसायचं."

मास्तर घरी बसले आणि घराच्या नाकी नऊ आले. कपाटाचं दार कसं उघडावं, कुकर कुठे ठेवावा, फडकं कसं पिळावं, यावर त्यांनी बायकोला एकेक धडा दिला. बायकोने ऐकून घेतलं. ती ऐकूनच घेत असे. पण सून प्रयोगशाळेतून घरी आली तशी ती तिला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "यांना कशात तरी गुंतव गं बाई. नाहीतर मी या वयात माहेरी निघून जाईन."

सून रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर नळ्या, चिठ्ठ्या आणि सूक्ष्मदर्शक. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. मुलगा नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेलेला, त्यामुळे घरात ही तिघंच. लग्नानंतर मास्तरांनी मोठ्या हौसेने तिला गाडी शिकवायला घेतली होती. थोडेच दिवस ते चाललं, मग तिनं आपणहून सोडलं. "मुलगी हुशार आहे हो, पण गाडी तिच्या हातात नाही," असं मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिच्यासमोरही सांगत. यात प्रेमच आहे अशी त्यांची समजूत होती.

तर या सुनेचा एक छंद होता. संध्याकाळी हातपाय धुऊन झाले, की ती आपल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरसमोर बसायची, कानावर हेडफोन चढवायची आणि अंतराळात जायची. तो एक खेळ होता. त्यात प्रत्येकाचं एक जहाज असतं. जहाज घेऊन एका तळावरून दुसऱ्या तळावर जायचं, माल पोचवायचा, अडकलेल्यांना सोडवायचं. जगभरचे लोक एकाच वेळी खेळतात आणि एकमेकांशी बोलतातही. सुनेचा एक ताफा होता, चार-पाच जहाजांचा, सगळे आपलीच भाषा बोलणारे. दूरच्या एका तळावर प्राणवायूच्या टाक्या पोचवण्याचं काम या ताफ्याकडे असे. ताफ्यात सर्वात पुढचं जहाज जो चालवतो त्याच्या मागोमाग बाकीचे जातात, म्हणून ती जागा सहजासहजी मिळत नाही. शेवटच्या जहाजापासून सुरुवात करून सून त्या जागेपर्यंत पोचली होती. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"बाबा, बसता का माझ्याबरोबर?" तिनं भीत भीतच विचारलं. "जहाज चालवायचं असतं."

"चालवायचंच ना?" मास्तर म्हणाले. "मग त्यात शिकायचं काय?"

तिनं नवऱ्याचा जुना कॉम्प्युटर आपल्या टेबलाशेजारी मांडून दिला. नव्या माणसासाठी खेळात सरावाचे धडे होते. एका मोकळ्या जागेत तरंगत्या कड्या लावलेल्या, त्यांतून जहाज न्यायचं, थांबवायचं, तळावर हळूच टेकवायचं. "बाबा, हे धडे तेवढे आधी करा. तिथे रस्ता नसतो, चाकं नसतात. जहाज आपणहून थांबत नाही," ती म्हणाली. मास्तरांनी मान हलवली. ती प्रयोगशाळेत गेल्यावर त्यांनी पहिला धडा उघडला. पडद्यावर मजकूर आला. त्यांनी 'पुढे' दाबलं. पुन्हा मजकूर आला, पुन्हा 'पुढे'. शिकवणाऱ्या माणसाला कुणी शिकवू लागलं की त्याच्या अंगाला खाज सुटते. बघता बघता सगळे धडे संपले. संध्याकाळी तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "झाले सगळे. पोरखेळ आहे."

आता हे धडधडीत खोटं होतं. पण मास्तरांना ते तेव्हा खोटं वाटलं नाही, घाई वाटली.

पुढचे काही दिवस सुनेनं त्यांना आपल्याच जहाजात दुसऱ्या सीटवर बसवलं. म्हणजे बसायचं आपापल्या खुर्चीतच, पण पडद्यावर जहाज एकच. दुसऱ्या सीटच्या माणसाजवळ एक लाल बटण असतं. ते दाबलं की सगळा ताबा त्याच्याकडे जातो. "हे फक्त मी चक्कर येऊन पडले तर," ती म्हणाली होती. मास्तरांना ते बटण पाहून फार बरं वाटलं. घरचं माणूस भेटावं तसं.

ज्या संध्याकाळी ते सगळं झालं, त्या संध्याकाळी ताफा भरलेल्या टाक्या घेऊन दूरच्या तळाकडे निघाला होता. सून पुढे. तिच्या मागे एक बाई, जिला सगळे कासव म्हणत. ती दातांची डॉक्टर होती आणि खेळातही हळू आणि न चुकता चालवायची. तिच्या मागे टाचणी म्हणून एक कायद्याचा विद्यार्थी, जिभेने तिखट. मास्तरांची ओळख करून दिलेली होती. सगळ्यांनी त्यांना नमस्कार केला, आणि नमस्कार केला की मास्तर सुरू होतात. उतारावर एका शिकणाऱ्याने ब्रेकऐवजी भलतंच पेडल दाबलं आणि मास्तरांनी गाडी कशी वाचवली, ती हकिगत त्यांनी रंगवून सांगायला घेतली. लोक मुकाट ऐकत होते. मधेच सून म्हणाली, "बाबा, आता मी जहाज फिरवतेय. शेपटी पुढे होईल. घाबरू नका."

मास्तर उतारावर होते. त्यांनी "हं" म्हटलं आणि पुढे चालू ठेवलं.

हकिगत संपवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं तर समोर काही नव्हतं. नुसता काळोख आणि चांदण्या. आणि मागचं दाखवणाऱ्या छोट्या चौकोनात तळ दिसत होता; एवढा मोठा, भिंतीवरचे दिवे दिसावेत इतका जवळ, आणि वाढत चाललेला. जहाज चक्क उलटं, पाठमोरं, तळाच्या भिंतीकडे चाललं होतं आणि इंजिन मात्र जोरात चालू. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरगी चुकली. त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर आपटला. गुडघ्यातून कळ गेली. ब्रेक नव्हता. मग त्यांनी लाल बटण दाबलं, ताबा घेतला आणि जहाज सरळ केलं. नाक तळाकडे, व्यवस्थित, जसं कुठल्याही शहाण्या माणसाचं वाहन असतं तसं.

"बाबा, नको," सून म्हणाली. तेवढंच म्हणायला तिला वेळ मिळाला. इंजिन चालूच होतं. इतका वेळ ते जहाजाला मागे ओढून धरत होतं, आता ते त्याला पुढे ढकलू लागलं. जहाज सुटलं ते थेट भिंतीवर. पडदा पांढरा झाला आणि मग त्यावर दोन शब्द उमटले: जहाज नष्ट.

मास्तरांचे कान तापले होते. सगळे ऐकताहेत एवढंच त्यांना कळत होतं, आणि ते जे बोलले ते त्या कळण्यातूनच आलं.

"आधी सांगायला नको?" ते मोठ्याने म्हणाले. "वाहन असं उलटं फिरवायचं तर शेजारच्याला आधी सांगतात. ही शिकवायची पद्धत नव्हे. मी आयुष्यभर लोकांना शिकवलंय."

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "हो बाबा," ती म्हणाली, "माझंच चुकलं."

आणि मास्तरांचं समाधान झालं. वाईट याचंच वाटतं. त्यांचं खरोखर समाधान झालं, ते उठले, जेवले आणि त्यांना गाढ झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. बायको बाजारात, सून कामावर. सुनेनं चूक कबूल केली म्हणून, म्हणजे तिला एकदा व्यवस्थित समजावून सांगता यावं म्हणून, मास्तरांनी सरावाचे धडे उघडले. पहिल्याच धड्याचा पहिलाच मजकूर असा होता: 'अंतराळात ब्रेक नसतो. वेग कमी करायचा असेल तर जहाज उलटं फिरवा, शेपटी पुढे करा आणि इंजिन चालू ठेवा. तळ पाठीमागून जवळ येताना दिसेल. घाबरू नका.'

मास्तरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. हेच तिनं काल थोडक्यात म्हटलं होतं, आणि ते त्यांना आत्ता, या खुर्चीत, तिच्या आवाजात ऐकू आलं. शेपटी पुढे होईल. घाबरू नका. तिनं सांगितलं होतं. ते उतारावर होते.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी पाहत नसताना माणसाला लाज वाटते ती सर्वात वाईट. लपायला जागाच राहत नाही. तिला संध्याकाळी सांगून टाकावं असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी ती आली, चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली, "बाबा, गुडघा कसा आहे?" म्हणाली, आणि मास्तर म्हणाले, "ठीक आहे." एवढ्यावरच ते आटोपलं. माझं चुकलं हे दोन शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलेच नव्हते. ते कुठून काढतात हेही त्यांना माहीत नव्हतं.

मग त्यांनी एक पळवाट काढली. आधी नीट शिकू, मग बोलू. निदान शिकल्यावर बोललेलं जरा शोभेल. त्यांनी खेळात वेगळ्या नावाने खातं उघडलं. नाव घेतलं 'नवखा'. आणि ताफ्यातर्फे नव्या लोकांना दुपारी शिकवणी असायची, तिथे जाऊन उभे राहिले. शिकवायला होती कासव. दोन रुग्णांच्या मधल्या वेळात ती शिकवायची. तिनं आवाज ओळखू नये म्हणून मास्तरांनी एका बोटाने टाइप केलं: 'माइक बिघडला आहे.'

"काही हरकत नाही," कासव म्हणाली. "मी बोलते, तुम्ही उडवा. लिहायचीही गरज नाही."

पहिल्या दिवशी मास्तरांनी कडीला धडक दिली. दुसऱ्या कडीलाही दिली. तिसरी कडी चुकवायला गेले आणि जहाज गरागरा फिरत कुठल्या कुठे निघून गेलं. मास्तर खुर्चीत अंग चोरून बोलणी खायची वाट बघत बसले. सवयच तशी, फक्त आजवर दुसऱ्या बाजूची.

"छान," कासव म्हणाली. "आता फिरायला लागलं की कसं वाटतं ते कळलं. हात काढा. काहीच दाबू नका. हं. आता फिरतंय त्याच्या उलट बाजूला, अगदी थोडंसं."

जहाज थांबलं. मास्तर पडद्याकडे बघत राहिले. खांबाला धडकलेल्या माणसाला त्यांनी आजवर कधी छान म्हटलं नव्हतं. खांबाला धडकू दिलंच नव्हतं कुणाला. त्याआधीच पाय.

ते रोज दुपारी जाऊ लागले. बायको स्वयंपाकघरातून डोकावून जायची. नवरा मुकाट्याने काहीतरी करतोय यावर तिचा विश्वास बसत नव्हता, पण मिळालेली शांतता ती घेत होती. मास्तर शिकत होते. तळ जवळ येण्याआधीच वेग कमी करायचा, उतरायची परवानगी मागायची, नुसत्या आपल्या वेगापेक्षा तळाच्या आणि आपल्या वेगातल्या फरकाकडे लक्ष ठेवायचं. आणि सर्वात अवघड म्हणजे शेपटी पुढे करून बसायचं. समोर काळोख, पाठीमागे भिंत, आणि हात मांडीवर. त्या वेळी त्यांना घाम फुटायचा.

एका दुपारी त्यांच्याकडून पुन्हा तेच झालं. पाठीमागून तळ मोठा होत आला आणि शेवटच्या क्षणी हात गेला, नाक वळलं, भिंत. जहाज नष्ट.

कासव हसली. हसणं चांगल्या मनाचं होतं. "लाजू नका. सगळ्यांचं होतं. याला आमच्यात 'सासरेबुवा करणं' म्हणतात."

मास्तरांचं बोट टाइप करता करता थांबलं. मग त्यांनी लिहिलं: 'का?'

"अहो, आमच्या ताफ्यात एक मुलगी आहे. सर्वात पुढे असायची. तिनं एकदा सासऱ्यांना बरोबर आणलं. ते गाडी शिकवणारे. ही शेपटी पुढे करून अगदी सुरेख चालली होती, आम्ही मागून बघत होतो, आणि यांनी ताबा घेऊन जहाज सरळ केलं. झालं. टाक्यांसकट गेलं. वर तिलाच सुनावलं, आमच्यासमोर, की तू सांगितलं नाहीस. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं तिनं सांगितलेलं."

मास्तरांनी हेडफोन काढावा असं मनात आणलं. हात वर गेला नाही.

"ते गेल्यावर आमचा टाचणी भडकला," कासव पुढे सांगत होती. कानाशी, शांतपणे, एखाद्या अनोळखी माणसाला सांगावं तसं. "म्हणाला, बोलाव त्यांना परत. तर ती म्हणाली, नको. चूक माझ्या नावावर लिहा, मी पुढची जागा सोडते. आमचा नियमच आहे तसा, पुढच्याने माल घालवला तर तो शेवटी जातो. मी म्हटलं, अगं पण खरं काय ते सांग ना त्यांना. तर म्हणाली, ते मनाने वाईट नाहीत हो. पण चूक दाखवली की जेवताना बोलायचे बंद होतात. मग आईही बोलत नाहीत. मग घरात नुसता भांड्यांचा आवाज. गाडी शिकताना एकदा मी म्हटलं होतं की बाबा, तुम्ही ब्रेक फार लवकर दाबता, मला चुकायला वेळच मिळत नाही. तर महिनाभर घरात शब्द नव्हता. त्यापेक्षा जहाज गेलेलं परवडलं."

कासवनं सुस्कारा सोडला. "बरं, चला. माझा पेशंट आला. उद्या पुन्हा शेपटी पुढे. जमेल तुम्हाला."

ती गेली. मास्तर बसून राहिले. त्यांना तो महिना आठवला, पण त्यांच्या आठवणीत तो शांततेचा होता. आपल्या घरात कधी तंटा नाही, आवाज चढत नाही, ही त्यांच्या अभिमानाची बाब होती. पाहुण्यांना ते सांगत. आता त्यांना दुसऱ्याच गोष्टी दिसू लागल्या. बाहेरून आल्यावर बायको आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते आणि मग बोलायचं की नाही ते ठरवते. सून किल्ली ठेवते ती आवाज न होऊ देता, दोन बोटांनी. मुलगा फोनवर आईशी तासभर बोलतो आणि त्यांच्याशी बोलताना हवामान विचारतो. हे सगळे किती वर्षं असे वागत होते? मास्तरांना वाटत आलं होतं की घर ते चालवतात. घर त्यांना चुकवून चाललं होतं.

लाज वाटते म्हणजे काय होतं, तर माणसाला साधी कामंसुद्धा धड करता येईनाशी होतात. त्या दिवसांत मास्तरांच्या हातून पाण्याचा तांब्या पडला, चष्मा हरवला, आणि बायकोने "अहो, असू दे" म्हटलं तेव्हा त्यांना रडू यायचं राहिलं. सुनेकडे बघणं त्यांना कठीण होऊन बसलं. ते कमी बोलू लागले. आणि ते कमी बोलू लागले तसा दोघींचा जीव टांगणीला लागला. काय बिनसलं असेल, कुणाचं काय चुकलं असेल, म्हणून त्या एकमेकींकडे बघू लागल्या. मास्तरांच्या हे लक्षात आलं तेव्हा मात्र त्यांना आणखी थांबवेना.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी ते सुनेच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. "मला आज ताफ्यात येऊ देशील?"

ती दचकली. "बाबा, मी हल्ली पुढे नसते. शेवटी असते. कंटाळा येईल तुम्हाला."

"चालेल," मास्तर म्हणाले. ते खुर्चीत बसले, हेडफोन चढवला. सगळे जमलेले होते. टाचणीने नमस्कार केला, तो नमस्कार कसला, दार लावून घेतल्यासारखा होता. त्यांनी घसा साफ केला.

"मला एक सांगायचंय. त्या दिवशी जहाज मी घालवलं. हिनं मला सांगितलं होतं, शेपटी पुढे होईल, घाबरू नका. मी माझीच बडबड करत होतो. आणि मग तुम्हा सगळ्यांसमोर हिलाच बोललो." ते थांबले. "धडे पण मी केले नव्हते. केले म्हणून हिला सांगितलं, ते खोटं होतं. माझं चुकलं. चूक माझ्या नावावर लिहा."

मास्तरांना वाटलं, एवढ्याने भागणार नाही. कर्ज फेडायचं तर सगळंच फेडावं.

"आणि कासवबाई, तुमचा माइक बिघडलेला विद्यार्थी मीच. तुम्ही चांगलं शिकवता. मी माझ्या कुठल्या विद्यार्थ्याला असं शिकवलं नाही."

आधी कासवनं "अगंबाई" म्हटलं. मग टाचणी हसायला लागला, मग सगळेच. त्या हसण्याबरोबर राग गेला, तो जाताना ऐकू आला. "मास्तर, मानलं," टाचणी म्हणाला. "मग ठरलं. तिची पुढची जागा आजपासून तिला परत. कुणाची हरकत?" कुणाचीही नव्हती.

मास्तरांचं ओझं उतरलं. इतकी वर्षं हे दोन शब्द काढायला आपण का भ्यालो, असंच त्यांना वाटलं. ते हसत सुनेकडे वळले, तिनं ऐकलं ना हे बघायला.

तिनं ऐकलं नव्हतं. तिचा हेडफोन टेबलावर पडला होता आणि पुढची जागा परत मिळाल्याची बातमी त्यातून बारीक आवाजात कुणालाच सांगितली जात होती. ती उभी होती. चेहरा पांढराफटक पडला होता. विद्यार्थी मीच, इथपर्यंतच तिनं ऐकलं होतं, आणि त्यापुढचा हिशोब तिनं केला होता: कासव नव्यांना ती गोष्ट सांगते. म्हणजे बाबांनी सगळं ऐकलं. भांड्यांच्या आवाजाचंही.

"बाबा," ती म्हणाली. "मी तसं म्हणायला नको होतं. घरातलं बाहेर बोलायला नको होतं. माझं चुकलं. रागावू नका ना."

मास्तरांनी माफी मागितली होती आणि समोरचं माणूस त्यांची माफी मागत होतं. "नाही," ते म्हणाले. पण ते त्यांच्या नेहमीच्या, गाडीतल्या आवाजात आलं, आणि ती अर्धं पाऊल मागे सरली. त्यांनी ते पाहिलं. त्यांनी पुन्हा, हळू म्हटलं, "नाही गं. अजिबात नाही रागावलो." तिनं मान हलवली. विश्वास ठेवल्यासारखं दाखवायला हलवतात तशी.

बायकोने जेवायला हाक मारली. तिघं बसली. बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सुनेच्या चेहऱ्याकडे, आणि वाढताना पळीचा आवाज होणार नाही अशी वाढू लागली.

मास्तर बोलू लागले. काय बोलावं ते सुचत नव्हतं, पण थांबायचं नाही एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांनी सुनेला तिची जागा परत मिळाल्याचं सांगितलं. मग गुडघ्याबद्दल सांगितलं. समोरच्या घरी नवीन रंग देताहेत ते सांगितलं, कासवबाई दाताच्या डॉक्टर असून केवढ्या शांत आहेत ते सांगितलं, जेवण छान झालंय असंही म्हणाले, जे ऐकून बायकोचा हात मधेच थांबला. त्यांचा घास तसाच थंड होत होता. दोघी "हो" म्हणत होत्या, "हो का" म्हणत होत्या, पण नजर ताटावरच होती. दोघी हे बोलणं कधी बंद पडतं याची वाट बघत होत्या. मास्तरांना ते कळत होतं, आणि कळूनही ते बोलत राहिले.